दाढेत फाइल तुटली, म्हणजे दाढ गेली का?

रूट कॅनॉल करताना दाढेच्या आत बारीक सुई तुटून राहिली, असे कळले की घरातले सगळेच घाबरतात. तो तुकडा रक्तातून फिरेल, त्याला गंज चढेल, आता दाढ काढावीच लागेल, अशा गोष्टी शेजारपाजारी ऐकू येतात. काही रुग्णांच्या बाबतीत याच्या उलट घडते. तुकडा आत राहिल्याचे त्यांना कोणी सांगतच नाही. वर्षभराने दाढ पुन्हा ठणकते, दुसऱ्या दवाखान्यात एक्स-रे काढला जातो आणि मग कळते. पहिल्या प्रकारात विनाकारण भीती आहे, दुसऱ्या प्रकारात माहिती दडवली गेली आहे. दोन्ही टाळायचे असेल, तर ही सुई काय असते, ती का तुटते आणि तुटल्यावर काय करायचे, हे आपल्याला माहीत असायला हवे.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळ जण महाळुंगे, चाकण, भोसरीच्या कारखान्यांत मशीनवर काम करतात. त्यांना हा विषय लवकर समजेल. ड्रिल किंवा टॅप किती जॉब चालतो, कधी बदलायचा, तो जॉबमध्येच तुटून अडकला की काय होते, हे त्यांना कोणी शिकवायला नको. दाढेतही जवळपास तेच घडते. फरक एवढाच की जॉब स्क्रॅपमध्ये टाकता येतो, दाढ टाकून देता येत नाही.

नस काढतात म्हणजे काय करतात?

दाताच्या मध्यभागी एक पोकळी असते. तिच्यातून बारीक नळ्या मुळांच्या टोकापर्यंत जातात. या नळ्यांत रक्तवाहिन्या आणि नसा असतात. कीड खोलवर गेली की जंतू या नळ्यांत शिरतात, आतला भाग सुजतो, सडतो. मग रात्रभर झोप येत नाही, गाल सुजतो, पू होतो. रूट कॅनॉलमध्ये डॉक्टर हा सडलेला भाग काढतात, नळ्या घासून रुंद करतात, औषधाने धुतात आणि शेवटी घट्ट भरून बंद करतात. यालाच आपण ‘नस काढली’ असे म्हणतो.

ऐकायला हे सोपे वाटते, पण दाढेची रचना अवघड असते. खालच्या दाढेत बहुधा तीन नळ्या असतात आणि वरच्या पहिल्या दाढेत पुष्कळदा चार. दाढेची लांबी साधारण 20 मिलिमीटर. नळी मुळाच्या टोकाशी एक मिलिमीटरच्या पावभागाइतकी किंवा त्याहूनही अरुंद असते. शिवाय ती सरळ नसते. पुष्कळ नळ्या टोकाकडे वळलेल्या असतात, काही तर आकड्यासारख्या. अशा वाकड्या आणि अंधाऱ्या नळीत आत जाऊन तिच्या भिंती घासायच्या, हे काम ज्या हत्याराने करतात त्याला ‘फाइल’ म्हणतात. आपण तिला सुई म्हणतो, पण ती टोचायची सुई नव्हे. वर्कशॉपमध्ये कानस असते ना, तशीच ही केसासारखी बारीक कानस आहे.

फाइल कोणत्या धातूची असते?

पूर्वी सगळ्या फायली पोलादाच्या असत आणि डॉक्टर त्या बोटांनी फिरवत. स्टेनलेस स्टीलच्या हाताच्या फायली आजही वापरतात. पण जाड स्टील वाकड्या नळीत नीट वळत नाही. ते सरळ जायला बघते आणि नळीचा आकार बिघडवते.

यावर उपाय सापडला तो निकेल आणि टायटेनियमच्या मिश्रधातूत. हा धातू वाकवला तरी सोडल्यावर पुन्हा सरळ होतो. त्याचा हा गुण अमेरिकी नौदलाच्या एका प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आला. म्हणून निकेल, टायटेनियम आणि त्या प्रयोगशाळेच्या नावाची अक्षरे जुळवून त्याला ‘निटिनॉल’ म्हणतात. दात सरळ करण्याच्या तारांसाठी तो आधी वापरात आला. 1988 साली अमेरिकेतील वालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच तारेपासून रूट कॅनॉलच्या फायली करून तपासल्या. त्या त्याच मापाच्या स्टीलच्या फायलींपेक्षा दोन ते तीन पट लवचीक निघाल्या. त्यानंतर या फायली मोटरला लावून फिरवायची पद्धत आली आणि काम सोपे आणि जलद झाले. आज आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत ‘मशीनने रूट कॅनॉल’ म्हणतात ते हेच.

मग इतका लवचीक धातू तुटतो कसा?

तुटण्याची दोन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण, धातूचा थकवा. लोखंडी तार हातात घेऊन एकाच जागी पुन्हापुन्हा पुढे-मागे वाकवली की शेवटी ती तिथेच तुटते. आपण जोर लावून ती ओढत नाही, तरी तुटते. फाइलचेही तसेच होते. ती वळलेल्या नळीत फिरते तेव्हा वळणाच्या बाहेरच्या बाजूला धातू ताणला जातो आणि आतल्या बाजूला दाबला जातो. अर्धा फेरा झाला की ताणलेली बाजू दाबली जाते, दाबलेली ताणली जाते. फाइल मिनिटाला साधारण 300 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पाच वेळा हा ताण-दाब होतो. त्यातून धातूत डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर पडते, ती वाढते आणि एका क्षणी फाइल तुटते. नळी जितकी जास्त वाकडी, तितका हा थकवा लवकर येतो. अडचण अशी की थकलेली फाइल बाहेरून अगदी चांगली दिसू शकते.

दुसरे कारण, पीळ. फाइलचे टोक अरुंद जागी अडकते, पण वरून मोटर फिरतच राहते. मग फाइलला पीळ बसतो आणि ती तुटते. टॅप अडकल्यावर जोर लावला की तो मोडतो, तसेच हे. पिळामुळे खराब होऊ लागलेल्या फाइलची नक्षी उलगडलेली दिसते. डॉक्टरांनी नीट पाहिले तर ती वेळीच बाजूला काढता येते. चांगल्या मोटरमध्ये ठरावीक जोरापलीकडे फाइल थांबवायची किंवा उलटी फिरवायची सोय असते, ती यासाठीच.

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात दवाखान्यांतून वापरून टाकून दिलेल्या 378 फायली तपासल्या होत्या. त्यातल्या जवळपास निम्म्यांमध्ये काही ना काही दोष दिसला. तुटलेल्या फायलींपैकी सुमारे 56 टक्के पिळामुळे आणि 44 टक्के थकव्यामुळे तुटल्या होत्या. म्हणजे डॉक्टरांनी हात हलका ठेवला तरी जुनी, थकलेली फाइल दगा देऊ शकते. आणि फाइल नवी असली तरी घाईने दाबली तर तीही मोडू शकते.

एका फाइलचे आयुष्य किती?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, पण त्याला ‘इतके दात’ असे एकच उत्तर नाही. सरळ नळ्यांच्या पुढच्या दातात फाइलला फारसा त्रास होत नाही. उलट एखादी फार वाकडी नळी एका बैठकीत फाइलचे सगळे आयुष्य खाऊन टाकते. कारखान्यात नरम धातूवर चालणारे ड्रिल कठीण धातूवर लवकर जाते, हे ऑपरेटरला ठाऊक असते. म्हणूनच तिथे टूल तुटायची वाट पाहत नाहीत, मोजणी ठेवतात आणि ठरलेल्या वेळी बदलतात. दवाखान्यातही हेच अपेक्षित आहे. कोणती फाइल किती वेळा वापरली याची नोंद ठेवावी, प्रत्येक वापराआधी आणि नंतर भिंगाखाली पाहावी आणि फार वाकड्या नळीत वापरलेली लगेच टाकून द्यावी.

काही फायली कंपन्या एकाच रुग्णासाठी म्हणून विकतात. पुढे-मागे अशी अर्धवट फिरणारी एक जात अशीच आहे. इंग्लंडमध्ये तर 2007 साली सरकारने दंतवैद्यांना सूचना दिली की रूट कॅनॉलची फाइल एकदा वापरली की टाकून द्यावी. त्यामागचे मुख्य कारण तुटण्याचे नव्हते. नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने पूर्ण नष्ट न होणाऱ्या एका रोगाचा संसर्ग टाळण्यासाठी ती सूचना होती. आपल्याकडे फायली ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची पद्धत सर्रास आहे. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबाचा मोठा कुकरच. त्यात जंतू मरतात, पण थकलेला धातू ताजातवाना होतो असे समजू नये.

यात पैशाचा प्रश्न आहे, हे मान्य करायला हवे. प्रत्येक रुग्णाला नवा संच वापरला तर खर्च वाढतो. वस्तीतल्या माणसाला स्वस्तात उपचार हवे असतात आणि दवाखान्यालाही भाडे द्यायचे असते. पण ‘सगळ्यात स्वस्त कुठे?’ एवढाच प्रश्न विचारला, तर काटकसर कशात होते हे आपल्याला दिसत नाही. ती कधी फाइलमध्ये होते, कधी वेळेत, कधी एक्स-रेमध्ये.

तुटली, तर पुढे काय?

आधी भीतीची गोष्ट संपवू. तुटलेला तुकडा मुळाच्या नळीत घट्ट अडकलेला असतो. तो रक्तात फिरत नाही. निकेल-टायटेनियम सहसा गंजत नाही. दात सरळ करायच्या तारा आणि रक्तवाहिन्यांत बसवायचे काही स्टेंट याच धातूचे असतात. दुखणे तुकड्यामुळे होत नाही. तुकड्याच्या पलीकडे नळीत जी घाण आणि जंतू राहतात, त्यांच्यामुळे होते. तुकडा रस्ता अडवतो आणि पुढची सफाई राहून जाते, खरा धोका हा आहे.

डॉक्टरांपुढे तीन-चार मार्ग असतात.

एक, तुकडा काढणे. तो वर, सरळ भागात असेल तर सूक्ष्मदर्शक लावून, बारीक कंपने देणाऱ्या यंत्राने सैल करून काढता येतो.

दोन, तुकड्याच्या बाजूने वाट काढणे. बारीक हाताची फाइल त्याच्या कडेने सरकवून पुढची नळी साफ करतात.

तीन, तुकडा आहे तिथेच ठेवून बाकीची नळी नीट साफ करून भरणे आणि मग लक्ष ठेवणे. तुकडा वळणाच्या पलीकडे खोल असेल तर तो काढण्याच्या खटाटोपात मूळ पोखरले जाऊन दाढच कमजोर होऊ शकते. अशा वेळी न काढणे हाच शहाणपणा असतो.

चार, नंतर टोकाशी पू राहिला किंवा दुखणे परत आले, तर छोटी शस्त्रक्रिया करून मुळाचे टोक बाहेरून साफ करणे. हे कशानेही जमले नाही तरच दाढ काढायचा विचार.

आकडे काय सांगतात?

ऑस्ट्रेलियातच 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात 8460 दातांच्या नोंदी पाहिल्या. 277 दातांत, म्हणजे 3.3 टक्के दातांत तुटलेले हत्यार राहिले होते. हे तज्ज्ञांच्या दवाखान्यांतले आकडे आहेत. म्हणजे कसलेल्या हातांकडूनही हे घडते. नंतर तुकडा राहिलेले दात आणि तसेच पण तुकडा नसलेले दात यांची तुलना केली. तुकडा राहिलेल्यांपैकी 91.8 टक्के दात बरे झाले, न राहिलेल्यांपैकी 94.5 टक्के. फरक फार थोडा आहे.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. ज्या दातांच्या मुळाशी उपचाराआधीच संसर्ग होऊन हाड खराब झालेले होते, त्यांच्यात तुकडा राहिला असता 86.7 टक्के बरे झाले, न राहिला असता 92.9 टक्के. म्हणजे तुकडा राहो वा न राहो, दात बरा होणार की नाही हे आधीच्या संसर्गावर बरेच ठरते. दाढ दुखू लागल्यावर मेडिकलमधून गोळी आणून सहा महिने काढले, लवंग-कापूर लावून दिवस ढकलले, तर मुळाशी पू साठतो. मग फाइल तुटली तर त्याची किंमत जास्त मोजावी लागते. लवकर आलेल्या रुग्णाच्या बाबतीत त्याच घटनेने फारसे बिघडत नाही.

दुखणे थांबले म्हणून अर्धवट सोडू नका

पाळीत काम करणाऱ्या आणि कंत्राटी कामगारांच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी घडते. पहिल्या बैठकीत डॉक्टर नस काढतात, औषध ठेवून वर तात्पुरते सिमेंट भरतात. ठणका थांबतो. खाडा केला तर पगार कापला जातो, म्हणून दुसऱ्या बैठकीला माणूस जात नाही. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांत झिजते, लाळ आणि जंतू आत शिरतात आणि सगळे काम वाया जाते. पुढच्या वेळी तीच नळी पुन्हा उघडायची, पुन्हा घासायची, म्हणजे त्रास आणि धोका दोन्ही वाढतात. म्हणून उपचार सुरू करतानाच किती बैठका लागतील, सुट्टीच्या दिवशी किंवा पाळी संपल्यावर वेळ मिळेल का, हे विचारून घ्यावे. काम पूर्ण झाल्यावर दाढेवर कॅप बसवणेही टाळू नये. नस काढलेली आणि पोखरलेली दाढ चावताना फुटू शकते.

आपण काय विचारायचे?

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्यावर संशय घेणे नव्हे. चांगल्या डॉक्टरांना असे रुग्ण आवडतात. पुढील गोष्टी नम्रपणे, पण नक्की विचाराव्यात.

1. डॉक्टर पदवीधर आहेत का आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे त्यांची नोंदणी आहे का? नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, तो पाहावा. रस्त्यावर किंवा खोलीत दात बसवून देणाऱ्याकडे नस काढायला जाऊ नये.

2. माझ्या दाढेच्या नळ्या फार वाकड्या आहेत का? उपचाराआधीचा एक्स-रे दाखवायला सांगावा. फार अवघड असेल तर तज्ज्ञांकडे पाठवाल का, हेही विचारावे.

3. फाइल नवी वापरणार की आधी वापरलेली? नवीन संचाचा खर्च किती येईल? फरक परवडण्याजोगा असेल, तर निदान वाकड्या नळ्यांच्या दाढेसाठी नवीनच मागावी.

4. दातावर रबराचा पडदा लावणार का? हा पडदा लाळ आत जाऊ देत नाही, धुण्याचे तीव्र औषध तोंडात सांडू देत नाही आणि हातातून फाइल निसटली तरी ती गिळली जाऊ देत नाही.

5. उपचारानंतरचा एक्स-रे आणि केसपेपरची प्रत मिळेल का? ती घरी जपून ठेवावी. लहान मुलांच्या लसीकरणाचे कार्ड ठेवतो त्याच पिशवीत ठेवली तरी चालेल.

आणि फाइल तुटलीच, तर विचारायचे: तुकडा कोणत्या नळीत, किती खोल आहे? तो तुटला तेव्हा नळी किती साफ झाली होती? काढणार, बाजूने जाणार की ठेवणार, आणि का? पुन्हा एक्स-रे कधी? साधारणपणे सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी काही काळ तपासणी करतात. दुखत नसले तरी जावे, कारण मुळाशी साठणारा पू कधी कधी न दुखताच वाढतो. केसपेपरवर ‘फाइलचा तुकडा राहिला आहे’ अशी नोंद करून घ्यावी. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर हीच नोंद उपयोगी पडते.

अवघड दाढेसाठी दंत महाविद्यालयाचा पर्याय लक्षात ठेवावा. तिथे रूट कॅनॉलचा वेगळा विभाग आणि तज्ज्ञ शिक्षक असतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च सहसा कमी येतो. आपल्या भागाला जवळचे म्हणजे पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय. मुंबईला नातेवाईक असतील तर तिथे शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आहे. ज्यांच्याकडे ईएसआयचे कार्ड आहे, त्यांनी आधी आपल्या ईएसआय दवाखान्यात दातांच्या उपचाराची चौकशी करावी. पगारातून दरमहा पैसे कापले जातात, मग त्याचा उपयोग का करू नये?

चूक कोणाची आणि तक्रार कधी?

फाइल तुटली एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाहीत. वरचे आकडे पाहता ते योग्यही होणार नाही. दवाखान्यात जाऊन आरडाओरडा केल्याने दाढ बरी होत नाही आणि पुढचा उपचार करणारा माणूसही आपण गमावतो. पण तुटल्याचे रुग्णाला न सांगणे, नोंद न करणे, एक्स-रे न दाखवणे आणि वरून पूर्ण पैसे घेऊन ‘सगळे ठीक आहे’ म्हणून घरी पाठवणे, ही गोष्ट वेगळी आहे. आपल्या शरीरात काय राहिले आहे हे कळण्याचा हक्क रुग्णाचा आहे, मग त्याला वाचता येवो वा न येवो. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच स्पष्ट केले आहे. आधी डॉक्टरांशी बोलावे, मग लेखी विचारावे. तरीही दाद मिळाली नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी केसपेपर, पावती आणि एक्स-रे हवेत. म्हणून पावतीशिवाय उपचार घेऊ नयेत.

फाइल ही झिजणारी, थकणारी वस्तू आहे. तिचे आयुष्य मोजून ती वेळेवर टाकून देणे आणि तुटली तर ते रुग्णाला सांगणे, हे डॉक्टरांचे काम. दाढ ठणकू लागल्यावर वेळेत जाणे, बैठका पूर्ण करणे, प्रश्न विचारणे आणि कागद जपून ठेवणे, हे आपले काम. आज घरात कोणाची दाढ दुखत असेल, तर गोळी देऊन गप्प बसू नका. या आठवड्यातच एक्स-रे काढून घ्या.